घाटमाथ्यावर गरम पिकअप अडली तर पंपाआधी ठिणगी बघा

सपाट रस्त्याबद्दल लिहीत नाही, तिथे कार्ब्युरेटरवाली जुनी पेट्रोल पिकअप मुकाट चालते. ताप घाटमाथ्यावर. भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये वर येते, पंधरा-वीस मिनिटं बंद ठेवली की सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही. थंड झाली की पहिल्या किल्लीत चालू! माथ्यावर जो तो ‘व्हेपर लॉक’ म्हणतो, म्हणजे तापाने नळीत पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडला. तिथल्या गॅरेजने याच निदानावर नवा फ्युएल पंप गळ्यात मारला आणि पुढच्याच थांब्याला गाडी पुन्हा अडली. दोष इग्निशन मॉड्यूलचा, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचचा होता. शुद्ध लूट.

इंजिन बंद केलं की पंखा आणि पाणी दोन्ही थांबतात, त्यामुळे बॉनेटखालचा ताप काही वेळ उलट वाढतो. तपासणी त्याच वेळात करा, गाडी निवल्यावर दोष सापडत नाही.

एअर फिल्टर काढा आणि सेल्फ न मारता थ्रॉटल हाताने उघडा. कार्ब्युरेटरच्या घशात पेट्रोलची पिचकारी दिसली तर पंपाला हात लावू नका. पिचकारी नसेल तरच पंपावर आणि नळीवर ओलं फडकं टाकून बघा. पेट्रोलचा उग्र वास आणि प्लग ओले असतील तर इंजिन फ्लड झालंय, म्हणजे आत पेट्रोल जास्त झालंय: अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा, पुन्हा पुन्हा दाबू-सोडू नका, दहा सेकंद सेल्फ मारा.

मग फिल्टर परत बसवून ठिणगी. स्पार्क टेस्टर इंजिनच्या लोखंडाला घट्ट लावा, सांडलेल्या पेट्रोलपासून लांब. ठिणगी नसेल तर आधी किल्ली ऑन करून इग्निशन कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवते ती) प्लसवर करंट आहे का बघा. तो असेल तर टेस्ट लॅम्पची क्लिप बॅटरीच्या प्लसला, टोक कॉइलच्या मायनसला लावून सेल्फ मारा. दिवा लुकलुकतो पण ठिणगी नाही, तर संशय कॉइलवर. दिवा लुकलुकतच नाही, तर मॉड्यूल किंवा डिस्ट्रिब्युटरमधली पिकअप कॉइल (मॉड्यूलला ठिणगीचा इशारा देणारी छोटी कॉइल). पिकअप कॉइल गरम असतानाच मल्टिमीटरने मोजा, सर्किट ओपन दाखवलं तर तीच तुटली आहे. ती ठीक असेल तर मॉड्यूल बदला. जुनं काढल्यावर खाली पेस्ट वाळून पांढरी पडलेली दिसेल, ती खरवडून नवी थर्मल पेस्ट (मॉड्यूलचा ताप खालच्या धातूत उतरवणारी) पातळ लावा. कोरडं बसवलेलं मॉड्यूल पुन्हा जळतं.

सेल्फच नुसता ‘टक’ करत असेल तर प्रश्न वेगळा: सेल्फ मारताना बॅटरी मायनस ते इंजिन ब्लॉक मोजा, 0.3 व्होल्टच्या वर गेलं तर अर्थची वायर साफ करा.

चढावर निघताना टेस्ट लॅम्प आणि जादा मॉड्यूल घ्याच. जादा पंप नको.