तीन शब्द

मी न्यू जर्सीत मराठी आणि हिंदीची दुभाषी आहे. बरेचसे दिवस रुग्णालयांत जातात. नागरिकत्वाच्या मुलाखतीचं काम वर्षातून दोन-चारदाच येतं. 2024 च्या एप्रिलमधलं असंच एक काम अजून मनातून जात नाही.

काकू सातारा जिल्ह्यातल्या, वय 66, मुलाकडे एडिसनला राहायच्या. ग्रीन कार्ड मिळून 16 वर्षं झाली होती. वयाची 55 वर्षं पूर्ण आणि ग्रीन कार्डाची 15, असं असेल तर इंग्रजीच्या परीक्षेतून सूट मिळते. नागरिकशास्त्राच्या प्रश्नांची उत्तरं मात्र द्यावीच लागतात. ती आपल्या भाषेत देता येतात, दुभाषी आपणच न्यायचा. काकूंच्या अर्जाला शंभर प्रश्नांचा जुना संच लागू होता. त्यातले जास्तीत जास्त 10 विचारतात, 6 बरोबर आले की झालं. (20 ऑक्टोबर 2025 पासून अर्ज करणाऱ्यांना 128 प्रश्न आहेत, विचारतात 20 आणि बरोबर यावे लागतात 12.)

मुलाखतीआधी मी दोन रविवार त्यांच्याकडे गेले. उत्तरं पाठ करून घेणं माझं काम नव्हतं, ते नातीने अंगावर घेतलं होतं. मला फक्त शब्द ठरवायचे होते, म्हणजे ऐनवेळी मी एक बोलले आणि काकूंनी दुसरंच ऐकलं असं व्हायला नको. इथेच खरं काम होतं. मी सहज विचारलं, "अमेरिकेच्या काँग्रेसचे दोन भाग कोणते?" काकू क्षणाचाही विलंब न लावता म्हणाल्या, "काँग्रेस आणि राष्ट्रवादी." साताऱ्याच्या माणसाने 1999 ची फूट जवळून पाहिलेली, दुसरं काय सुचणार? उत्तर हवं होतं सिनेट आणि प्रतिनिधीगृह. रिपब्लिकन म्हटलं की त्यांना बाबासाहेबांच्या विचारातून निघालेला आणि 1957 साली स्थापन झालेला पक्ष आठवायचा. गव्हर्नरला मी राज्यपाल म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "म्हणजे दिल्लीहून नेमलेला?" इथला गव्हर्नर तर मतं मागून निवडून येतो. शेवटी काँग्रेस, गव्हर्नर हे शब्द आहेत तसेच ठेवायचे आणि त्यांचा इथला अर्थ पक्का करायचा, असं ठरलं.

'अमेंडमेंट म्हणजे काय' या प्रश्नाने मला रात्रभर छळलं. मराठीत घटनादुरुस्ती म्हटलं की प्रश्नातच उत्तर आलं. तसं करणं मला बरोबर वाटेना. दुभाषाने भर घालायची नाही, काही गाळायचं नाही आणि मदतही करायची नाही. म्हणून तोही इंग्रजी शब्दच ठेवला.

आणि मग तो प्रश्न: लोकांनी आपलं राज्य आपण चालवायचं ही कल्पना संविधानाच्या पहिल्या तीन शब्दांत आहे, ते शब्द कोणते? नातीने शिकवलं होतं, 'वी द पीपल', म्हणजे आम्ही लोक. काकूंनी बोटांवर मोजलं. "आम्ही, लोक. हे दोनच झाले की गं." त्यांचं म्हणणं खरंच होतं. मराठीत तो 'द' येतच नाही. मी म्हटलं, मग इंग्रजीतच म्हणा.

मुलाखत नेवार्कला होती. अधिकाऱ्याने दोघींकडून शपथ घेतली, माझं ओळखपत्र पाहिलं, दुभाषाच्या फॉर्मवर सह्या झाल्या. काकूंनी इरकल नेसली होती, हात मांडीवर घट्ट धरलेले. राज्याची राजधानी ट्रेंटन, बरोबर. सिनेटर किती, शंभर, बरोबर. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या संख्येत चुकल्या. अमेंडमेंटवर म्हणाल्या, "संविधानात केलेला बदल. आमच्याकडं तसाच त्र्याहत्तरावा बदल झाला, बायकांना राखीव जागा आल्या, तेव्हा मी ग्रामपंचायतीत गेले." मी सगळं इंग्रजीत सांगितलं, त्र्याहत्तरासकट. अधिकाऱ्याने मान वर केली आणि पुढचा प्रश्न घेतला. आणखी एक बरोबर आला. चार झाले. ध्वजावर तेरा पट्टे का, हाही आला, पाच.

मग तीन शब्दांचा प्रश्न. मी तो मराठीत सांगितला. काकूंची बोटं मांडीवरच हलली, एक, दोन, तीन, आणि खणखणीत आवाजात त्या म्हणाल्या, "आम्ही भारताचे लोक."

तीन शब्द. मोजून तीन. त्यांच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर उद्देशिकेची तसबीर होती, असं त्यांनी मला पहिल्या रविवारीच सांगितलं होतं.

माझ्या घशाशी आवंढा आला. एक शब्द गाळला असता तर उत्तर बरोबर ठरलं असतं आणि मराठी समजणारं तिथे दुसरं कुणी नव्हतं. पण हात वर करून शपथ घेतली होती मी. "वी, द पीपल ऑफ इंडिया," मी म्हटलं.

तेवढ्यात काकूंनी तोंडावर हात नेला. "नाही नाही! वी द पीपल."

अधिकारी थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारलं, भारताच्या संविधानाची सुरुवातही अशीच आहे का? मी भाषांतर केलं. काकू म्हणाल्या, "हो साहेब, फक्त भारताचे हा शब्द जास्त." त्याने कागदावर खूण केली. सहा झाले.

पुढे अर्जाची उजळणी झाली. इतर देशांवरची निष्ठा सोडायची शपथ घ्यायला तयार आहात का, हे विचारलं तेव्हा काकूंनी उत्तराआधी श्वास घेतला, मग "हो" म्हणाल्या. त्या शपथेनंतर भारताचं नागरिकत्व कायद्याने संपतं, पासपोर्ट परत द्यावा लागतो, हे त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या रविवारी त्यावर त्या बराच वेळ बोलल्या होत्या.

गाडीकडे जाताना त्यांनी माझा दंड धरला. "मी चुकून भारताचे म्हणाले, ते तू त्याला सांगितलंस का गं?"

"सांगितलं, काकू."

"बरं केलंस," त्या म्हणाल्या आणि पदर सावरून गाडीत बसल्या.