दिवसाउजेडी खगोलशास्त्र: खानापूर तालुक्यातला माझा अनुभव

शाळा दिवसा भरते आणि आम्हाला मिळालेलं खगोल प्रशिक्षण सगळं रात्रीचं होतं. कृष्णविवरं, दीर्घिका, मोठमोठ्या दुर्बिणी, स्लाईडमागून स्लाईड. जिल्ह्याला जाऊन हे ऐकून यायचं आणि मग आपापल्या क्लस्टरमध्ये, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, बाकीच्या शिक्षकांना शिकवायचं, ही आपली नेहमीची पद्धत. बी.एस्सी. असल्यामुळे कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांसाठी एमआरपी (मास्टर रिसोर्स पर्सन, म्हणजे शिक्षकांना शिकवणारी शिक्षिका) म्हणून माझं नाव गेलं. साहित्य सगळं कन्नडमधून, त्याची मराठी टिपणं काढण्यात काही रात्री गेल्या. ते चालतंच सीमाभागात. खरी अडचण वेगळी होती. ही स्लाईड दाखवून झाल्यावर सोमवारी वर्गात जाऊन शिक्षकाने करायचं काय?

म्हणून मी स्लाईड बाजूला ठेवल्या आणि पहिल्या बैठकीत नाव न घालता चार प्रश्नांची उत्तरं लिहून घेतली. उन्हाळा का होतो? चंद्र अर्धा का दिसतो? दुपारी बारा वाजता सूर्य कुठे असतो? आणि सूर्य रोज नेमका पूर्वेलाच उगवतो का? बहुतेक कागदांवर तेच: उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो, चंद्रावर पृथ्वीची सावली पडते, बाराला सूर्य डोक्यावर असतो, आणि हो, पूर्वेलाच उगवतो. ही सगळी वीस-वीस वर्षं शिकवलेली माणसं. व्याख्या त्यांना पाठ होत्या, अक्षाचा कल साडेतेवीस अंश हेही पाठ होतं. फक्त त्या साडेतेवीस अंशाचा आपल्या शाळेच्या पटांगणाशी संबंध कुणी जोडून दिला नव्हता.

चुका वाचून दाखवल्या नाहीत. सगळ्यांना बाहेर नेलं. एक मीटरचा पाइप रोवला, गवंड्याकडून आणलेल्या ओळंब्याने सरळ केला, बुंध्याभोवती दोरीने वर्तुळ काढलं. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला जिथे टेकलं तिथे खूण, दुपारनंतर पुन्हा टेकेल तिथे दुसरी. दोन्ही खुणांमधला कोन दुभागला की खरी उत्तर-दक्षिण रेषा मिळते. सूर्यसिद्धान्त या जुन्या खगोलग्रंथात शंकूची, म्हणजे उभ्या काठीची, हीच रीत आहे, होकायंत्र लागत नाही. मधल्या वेळात दर पाच मिनिटांनी टोकाशी एकेक खडा.

बारा वाजले. सावली काही थांबेना. सव्वाबारा झाले, तरी खडे पाइपाकडे सरकतच होते. नंदगडकडचे एक गुरुजी म्हणाले, “बाई, तुमची काठी लेट हाय ओ.” सगळे हसले, पण कुणी सावलीत जाऊन बसलं नाही. सावली सगळ्यात लहान झाली, म्हणजे खरी मध्यान्ह झाली, ती साडेबारा उलटल्यावर. मग फळ्यावर हिशेब मांडला. भारताची प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची, आपण साधारण 74.5 अंशावर. आठ अंशांचा फरक, दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे 32 मिनिटं. त्यात पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला, म्हणून वर्षभरात आणखी थोडं मागेपुढे होतं: नोव्हेंबरच्या सुरुवातीला आपली मध्यान्ह 12.16 च्या सुमारास, फेब्रुवारीच्या मध्याला 12.46 च्या. भूगोल शिकवणाऱ्या एक मॅडम म्हणाल्या की रेखांश आणि वेळेचं हे गणित त्या दरवर्षी घालतात, पण जपानचं आणि लंडनचं.

या पाइपाने पुढचं अर्धं प्रशिक्षण स्वतःच घेतलं. खानापूरचा अक्षांश 15.6 अंश. त्यामुळे 22 डिसेंबरला एक मीटरच्या काठीची मध्यान्हीची सावली सुमारे 81 सेंमी, 21 मार्चला 28 सेंमी आणि 21 जूनला जेमतेम 14 सेंमी, आणि तीही दक्षिणेकडे. इथे वाद झाला. सावली उत्तरेलाच पडते, हे काहींना इतकं पक्कं होतं की माझी आकृती चुकली असं त्यांना वाटलं. सूर्य साडेतेवीस अंश उत्तरेपर्यंत जातो आणि आपण साडेपंधराच्या जरा वर, मग जूनमध्ये तो आपल्या उत्तरेला असणारच, हे कागदावर पटलं. डोळ्यांना पटवणं मात्र कठीण, कारण तेव्हा आमच्याकडे मृगाचा पाऊस.

आणि जवळ-लांबचा प्रश्न? पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे 14.7 कोटी किलोमीटरवर, जुलैत 15.2 कोटीवर. कणकुंबी-जांबोटीच्या थंडीत शेकोटीला बसणाऱ्यांना एवढं पुरलं. पुस्तकातला जूनचा कडक उन्हाळाही आपला नव्हे, हेही बोलून टाकलं. आपला उकाडा एप्रिल-मेचा, जूनमध्ये ढग येऊन तो मोडतात.

शून्य सावलीच्या दिवसावर सगळे खूश होते, पण आमच्या नशिबात तो कसा येतो पाहा. खानापूरला सूर्य बरोबर डोक्यावर येतो 3 मे आणि 9-10 ऑगस्टच्या आसपास. मे महिन्यात शाळेला सुट्टी. ऑगस्टमध्ये शाळा आहे, सूर्य नाही. खानापूरच्या पश्चिमेकडे त्या दिवसांत छत्री मिटत नाही. जिल्हा एकच, पण अथणीकडे पर्जन्यछाया. तिथल्या एका ओळखीच्या शिक्षकांना विनंती केली. तिकडे तो दिवस थोडा आधी, 6 ऑगस्टच्या सुमाराला. त्यांनी पटांगणात पाण्याची बाटली उभी करून व्हिडिओ पाठवला: बाटलीच्या चहूकडे नुसती जमीन, कडेला पोरांच्या चपला. आमच्या ग्रुपवर इतके अंगठे हजेरीपटावरसुद्धा पडले नसतील.

चंद्रासाठी शनिवार निवडला. शनिवारी शाळा सकाळची, आणि वद्य अष्टमीच्या सुमाराला चंद्र प्रार्थनेच्या वेळी पश्चिमेकडे चांगला वर असतो. खानापुरात मातीला काय तोटा! लिंबाएवढे गोळे वळून, वाळवून, चुन्यात बुडवून काड्यांवर टोचले. प्रत्येकाने एक डोळा मिटून गोळा उन्हात चंद्राच्या शेजारी धरायचा, बस. गोळा तेवढाच उजळलेला दिसतो जेवढा चंद्र, आणि उजळ बाजूही तीच. पृथ्वीची सावली कुठे आहे, असं विचारलं तर दोघींनी एकदम पायांखाली बोट दाखवलं. सूर्य वर असताना पृथ्वीची सावली आकाशात येणार कुठून? ती रात्रीच्या बाजूला. चंद्र तिच्यात सापडतो तो पौर्णिमेला, आणि तोही कधीमधी, कारण चंद्राची कक्षा पाच अंशांनी कललेली आहे. ग्रहणाचं नाव निघाल्यावर निवृत्तीला आलेल्या एका गुरुजींनी 16 फेब्रुवारी 1980 ची आठवण काढली. कारवार-हुबळीच्या पट्ट्यात सूर्य पूर्ण झाकला गेला आणि यांच्या घरात दारं-खिडक्या लावून सगळे आत. त्यांना अजून त्याची हळहळ आहे.

रात्रीचा कार्यक्रम केला नाही असं नाही. जानेवारीत जांबोटीकडे एक रात्र जमलो. ध्रुव शोधताना निम्मा वेळ गेला, कारण तो इथे क्षितिजापासून 16 अंशांवरच, म्हणजे हात लांब करून धरलेली दीड मूठ, आणि समोर जंगल. त्याच्यापेक्षा दक्षिणेचा अगस्ती तारा उंच चढतो. मृग सगळ्यांनी पटकन ओळखला, पण मग प्रश्न आला: मृगाचा पाऊस जूनमध्ये, मृग दिसतो थंडीत, हे कसं? जूनमध्ये सूर्य त्या नक्षत्रात असतो, म्हणून तेव्हा ते दिसत नाही. शेतकऱ्यांच्या घरातून आलेल्या शिक्षकांना पावसाची सगळी नक्षत्रं क्रमाने तोंडपाठ होती. ती सूर्याच्या वाटेवरची ठिकाणं आहेत, हे सांगितल्यावर त्यांनी उरलेली रात्र मला बोलूच दिलं नाही.

सगळं गोड झालं असं नाही. क्लस्टर बैठकीचा निम्मा वेळ माहिती भरण्यात आणि फोटो काढण्यात जातो. काही शाळांत पाइप उपटून नळाला लागला. एका शाळेत दोन शिक्षक आणि वर्ग सात, तिथे दर पाच मिनिटांनी खडा कोण ठेवणार? त्यांना मी एवढंच सांगितलं की महिन्यातून एकदा मधल्या सुट्टीतली सगळ्यात लहान सावली पोरांकडून मोजून घ्या, भिंतीवर रेघ मारा. दोन शाळांतल्या भिंतींवर आता वर्षभराच्या रेघा आहेत.

आता पृथ्वीचा घेर मोजायचं खूळ निघालंय: दोन गावांतल्या सावल्यांवरून कोनाचा फरक काढायचा आणि त्यांच्यातल्या उत्तर-दक्षिण अंतराशी तो ताडून पूर्ण 360 अंशांचा घेर काढायचा. अथणी आणि खानापूर जोडून पाहू असं आधी ठरलं, पण अक्षांशात फरक जेमतेम एका अंशाचा, सावलीत दोन सेंमीचा, आणि सावलीची कडच सेंटीमीटरभर धूसर. त्यातून काय निघणार? एका मॅडमचे भाऊ नागपूरला शिक्षक आहेत. तिथे 21 मार्चला त्याच काठीची सावली 39 सेंमीच्या आसपास यायला हवी, म्हणजे साडेपाच अंशांचा फरक. ते तयार झालेत. त्यांची मध्यान्ह आपल्या आधी सुमारे 18 मिनिटं, तेव्हा दोघांनी एकाच वेळी मोजायचं नाही, ज्याने त्याने आपली सगळ्यात लहान सावली घ्यायची. आणि अंतर रस्त्याचं नको, नकाशावरून सरळ उत्तर-दक्षिण मोजलेलं हवं, हे मॅडमना फोनवर पुन्हा सांगून ठेवलंय.