सोयाबीनवरची संयुक्त बुरशीनाशकं : मात्रा पंपाला नाही, एकराला

टेब्युकोनॅझोल १० टक्के आणि सल्फर ६५ टक्के असलेल्या दाणेदार बुरशीनाशकाची सोयाबीनसाठी मात्रा एकरी ५०० ग्रॅम आहे, २०० लिटर पाण्यातून. म्हणजे लिटरला अडीच ग्रॅम, १५ लिटरच्या पंपाला साडेसदतीस ग्रॅम. इथवरचा हिशोब बहुतेकांना पाठ असतो. घोळ होतो पुढे. २०० लिटरला तेरा-साडेतेरा पंप लागतात, आणि रानात एकर आठ पंपांत उरकला जातो. पंपाला साडेसदतीस ग्रॅमच पडलं, तर एकराला गेलं ३०० ग्रॅम. पीक ६० टक्के मात्रेवर राहिलं. करपा थांबला नाही, की औषधालाच नावं ठेवली जातात.

म्हणून फवारणीच्या आदल्या दिवशी पंपात साधं पाणी भरून चाला. १५ लिटरमध्ये बरोबर तीन गुंठे भिजले, तर एकरी २०० लिटर पडतंय. पाच गुंठे निघाले, तर चाल जास्त आहे किंवा नोझलचा फवारा कमी. चाल कमी करा. पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपाला पाणी कमी लागतं, पण एकराचे ५०० ग्रॅम तेवढेच राहतात.

चाल कमी करायचं आणखी एक कारण आहे. टेब्युकोनॅझोल आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत शिरणारं, असलं तरी झाडात ते वरच्या दिशेने चढतं, शेंड्यावरून खाली उतरत नाही. सल्फर तर जिथे पडेल तिथेच काम करतं. शेंग करपा मात्र दाट, ओलसर पानोऱ्याच्या आत, खोडाजवळच्या शेंगांवर आधी दिसतो. वरची पानं चकचकीत भिजली आणि आतल्या शेंगा कोरड्याच, तर आतल्या शेंगांना काहीच मिळालं नाही. नोझल दोन ओळींच्या मध्ये खाली घालून फवारा वर येऊ द्या.

वेळ शेंगा लागायला सुरुवात होते ती. शेंगांवर काळे ठिपके उमटल्यावर बुरशी आत शिरलेली असते. टेब्युकोनॅझोल ज्या गटातलं, ते ट्रायअ‍ॅझोल नुकत्याच झालेल्या लागणीला काही प्रमाणात अटकाव करतं, पण करपलेली शेंग परत भरत नाही. ढगाळ, पावसाळी दिवस लागून आले असतील तर ठिपक्यांची वाट पाहू नका.

दुसऱ्या फवारणीला ब्रँड बदलला म्हणजे औषध बदललं, असं नसतं. डब्यावरची बारीक अक्षरं वाचा. फ्लक्सापायरोक्साड अधिक पायराक्लोस्ट्रोबिन मारलं आणि पुढे पायराक्लोस्ट्रोबिन अधिक इपॉक्सिकोनॅझोल आणलं, तर पायराक्लोस्ट्रोबिन दोनदा झालं. पायराक्लोस्ट्रोबिन ज्यात मोडतं त्या स्ट्रोबिल्युरिन गटाला बुरशी फार लवकर सरावते, कारण तो तिच्या श्वसनातल्या एकाच जागेवर घाव घालतो. ब्राझीलमध्ये सोयाबीनच्या तांबेऱ्यावर ट्रायअ‍ॅझोल, स्ट्रोबिल्युरिन आणि नंतर एसडीएचआय (फ्लक्सापायरोक्साड यातलंच), तिन्ही गटांचा प्रभाव घटला. तिथे आता जोडीला मॅन्कोझेबसारखं अनेक जागी घाव घालणारं औषध घेतात. सांगली-कोल्हापूरच्या कृष्णाकाठी येतो तो तांबेरा त्याच बुरशीचा आहे. त्यामुळे एका हंगामात स्ट्रोबिल्युरिन एकदाच, असं आमचं ठाम मत आहे. "पीक हिरवंगार राहतं" म्हणून टॉनिकसारखं ते मारणं तर बंदच करावं.

सल्फरच्या औषधाचे दाणे थेट पंपात टाकू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवून, गाळून मग ओता, नाहीतर गाळणी तुंबते आणि शेवटच्या दोन पंपांत निम्मं औषध तळाला बसलेलं सापडतं. फवारताना पंप अधूनमधून हलवत राहा. कडक उन्हात सल्फरने पानं भाजतात. सकाळी किंवा ऊन कलल्यावर घ्या, आणि तेलकट औषधासोबत मुळीच मिसळू नका.

बीजप्रक्रियेचं थोडक्यात : कार्बोक्सिन ३७.५ टक्के आणि थायरम ३७.५ टक्के, बियाण्याच्या किलोला ३ ग्रॅम. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, रायझोबियम हे जिवाणू खत सगळ्यात शेवटी, सावलीत आणि पेरणीच्या तोंडावर.

आणि पानं पिवळी-हिरवी चट्टेरी दिसली, तर यातलं कुठलंच औषध काढू नका. तो पिवळा मोझॅक, विषाणूचा रोग आहे. ते झाड उपटायचं आणि पांढऱ्या माशीकडे बघायचं.