चंद्रकळा, राखाडी कोट आणि फिलाडेल्फियाची थंडी

9 जानेवारी

सकाळी बाहेर उणे सात, त्यात बोचरा वारा. असल्या दिवशी राखाडी कोटच हवा. अंगात चढवला आणि खांद्यांवर त्याचं वजन बसलं तसं बरं वाटलं. हल्लीची फुगीर जाकिटं हलकी असतात, उबदारही असतात, पण साडीवर ती घातली की पदर पार चुरगळतो आणि निऱ्या जाकिटाखाली दबून बसतात. हा कोट 1950 च्या दशकातला. खांद्यापासून खाली घेर वाढत जातो, कारण त्या काळच्या घेरदार स्कर्टवर घालायला तो शिवलाय. त्या घेरात नऊवारी निवांत मावते.

फोर्थ स्ट्रीटवर जुन्या कपड्यांचं एक दुकान आहे, तिथे मिळाला. त्या रस्त्याला अजून फॅब्रिक रो म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे ज्यू व्यापारी हातगाड्यांवर कापड विकत. जुना कोट घेताना मी रंग नंतर बघते, आधी आतल्या चिठ्ठ्या वाचते. यात बायकांचे कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या युनियनची छोटी चिठ्ठी आहे आणि तिच्यावर एएफएल-सीआयओ ही अक्षरं आहेत. हे दोन कामगार महासंघ 1955 मध्ये एक झाले, म्हणजे कोट त्यानंतरचा. चिठ्ठी लाल-पांढऱ्या-निळ्या रंगांची असती तर तो 1974 च्या पुढचा ठरला असता. कसा धुवायचा याची सूचना कुठेच नाही; ती शिवणं अमेरिकेत 1972 पासून सक्तीचं झालं. कुणीतरी मशीनवर बसून शिवलेल्या या चिंधीएवढ्या कापडावरून कोटाचं वय कळतं, याचं मला दर वेळी अप्रूप वाटतं.

पण खरी गंमत अस्तरात आहे. खालच्या कडेला अस्तर कोटाला शिवलेलं नाही, नुसतं सोडलेलं आहे. तिथे ते उलटून पाहिलं की मागची बाजू चंदेरी-राखाडी दिसते. हे मिलियम. सॅटिनच्या पाठीवर ॲल्युमिनियमच्या बारीक भुकटीचा थर देत, म्हणजे अंगातली ऊब बाहेर न जाता परत अंगाकडेच वळते. वरून सॅटिन, त्यामुळे साडीवरून अलगद सरकतं, अडकत नाही. दिसायला देखणं आणि थंडीशी चार हात करायला तयार, दोन्ही एकाच कापडात. जुन्या कपड्यांमधलं मला हेच आवडतं. शिवणाऱ्याने थंडीचा विचार केलेला असतो.

बाह्या मात्र मनगटाच्या बऱ्याच वर संपतात. तेव्हा त्यांच्याबरोबर कोपरापर्यंतचे हातमोजे घालत. मी आतून लांब बाह्यांचं फ्लॅनेलचं पोलकं घालते आणि वर विणलेले लांब हातमोजे. वारा शिरत नाही.

14 जानेवारी, संक्रांत

आज माईची चंद्रकळा नेसले. (आजीला आम्ही सगळे माई म्हणायचो.) काळीभोर, वर खडीची बारीक नक्षी, ठिकठिकाणी पुसट झालेली. घडीवर कापड विरायला लागलंय, म्हणून दर वर्षी घडी बदलून ठेवते, आणि डांबराच्या गोळीचा वास जावा म्हणून नेसण्याआधी खिडकीशी वाऱ्यावर टाकते. पदराजवळ एक जागा आहे तिथे माईने स्वतः रफू केलंय. धागा काळाच, पण उजेडात धरलं की टाके दिसतात, एकमेकांना चिकटून, सरळ रेषेत. त्या जागेवर पिन लावायची नाही हा माझा नियम आहे.

काळा रंग ऊन शोषतो म्हणून संक्रांतीला काळं, हे लहानपणापासून ऐकलेलं. पुण्याच्या जानेवारीतल्या कोवळ्या उन्हात ते पटतंही. 17 जानेवारी 1935 ला पुण्यात पारा 1.7 अंशांपर्यंत उतरला होता. तेव्हा घरात हीटर नव्हते, जे काय होतं ते चुलीपाशी आणि अंगावर. इथे ढगाळ आभाळाखाली, कोटाच्या आत काळ्या रंगाचा काय उपयोग? उबेसाठी काही नाही. तरी नेसते, कारण सण थंडीचा आहे आणि हे लुगडं त्या सणाचं आहे.

फोनवर आई म्हणाली, "अगं, पोटऱ्या उघड्या नाहीत ना? नऊवारीत गारठशील." नाहीत. आत मेरिनो लोकरीच्या जाड लेगिंग्ज आहेत आणि पायात घोट्याच्या वर येणारे, नाडी बांधायचे चामडी बूट. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओल पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही. त्यामुळे गरम ट्रेनमध्ये घाम आला आणि मग पुन्हा बाहेर पडलं, तरी अंगाला गार ओल चिकटत नाही.

आईच्या प्रश्नाने आनंदीबाई जोशी आठवल्या. नाहीतरी या शहरात त्या मला हिवाळ्यात हमखास आठवतात. 1883 मध्ये अठराव्या वर्षी अमेरिकेत आल्या, त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजात शिकायला. खोलीतली शेकोटी धड पेटेना. धूर सोसा नाहीतर थंडी, अशी गत. अंगावर नऊवारी, आत परकर नाही, पोटऱ्या आणि कंबर उघडी. त्यांनी काय केलं? साडी सोडून गाऊन घातला नाही. नेसण्याची पद्धत बदलली. घोट्यापर्यंत येणारी, आत परकर असलेली गुजराती पद्धतीची साडी नेसू लागल्या. आपली बायको काय नेसते, काय खाते यावर हजारो मैलांवरून बारीक लक्ष ठेवणारे गोपाळराव होते, तरी हा निर्णय त्यांनी स्वतःच्या अंगाला लागणाऱ्या थंडीवरून घेतला. मला हे फार मोठं वाटतं. त्यांच्या पदवीबद्दल आपण खूप बोलतो, या निर्णयाबद्दल जवळजवळ काहीच नाही.

10 ऑक्टोबर 1885 चा तो फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो: साडीतल्या आनंदीबाई आणि त्याच कॉलेजात शिकणाऱ्या दोघी, किमोनोतल्या केई ओकामी आणि सीरियाच्या पेहरावातल्या साबात इस्लामबूली. मूळ संग्रह आता इथल्याच ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आहे. हल्ली तो फोटो ऐटीचा म्हणून फिरतो. मी पाहते तेव्हा माझं लक्ष कापडाकडे जातं. पुढे मार्च 1886 मध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात गेल्या, बावीस पूर्ण व्हायच्या आत. त्यांना क्षय होता. चांगल्या लोकरी लेगिंग्जनी तो टळला असता असं नाही. पण त्या खोलीत त्यांना ऊब मिळायला हवी होती, असं वाटल्याशिवाय राहत नाही.

म्हणून कुणी मला विचारतं, "आज काय, शूट आहे का?" तेव्हा राग येतो. जुन्या पद्धतीचे कपडे म्हणजे वेशभूषा, फोटोपुरते कुडकुडत उभं राहायचं आणि मग गाडीत बसून जाकीट ओढायचं, हा समज मला मान्य नाही. ज्यांनी हे कपडे रोज घातले त्या बायका त्यांत पाणी भरत, बाजारात जात, बोटीवर चढत. थंडी वाजली तर आत थर वाढवत, नेसण बदलत. जुनं वापरायचं तर त्यांच्यासारखं, कामाचं म्हणून वापरावं.

18 जानेवारी

मंडळाचं हळदीकुंकू. रात्री बर्फ पडून गेलेलं, रस्ते मिठाने पांढरे. इथे नऊवारीसारखं दुसरं काही नाही. सहावारीचा काठ त्या खारट चिखलातून फरफटत जातो आणि वाळला की कडेला पांढरी रेघ उमटते. नऊवारी घोट्याच्या वर राहते, काष्ट्यामुळे ढांग मोकळी पडते, बर्फाच्या ढिगावरून सरळ पलीकडे जाता येतं. बुटांवर मीठ चढलं होतं ते घरी आल्यावर पांढरा व्हिनेगर पाण्यात घालून फडक्याने पुसलं. चामडं लगेच पुसायचं, उद्यावर टाकायचं नाही.

हॉल चांगलाच तापलेला. जुने कपडे गार घरांसाठी शिवलेले, आणि आताची घरं आणि हॉल एकवीस-बावीस अंशांवर. त्यामुळे ऊब सोलून काढता येईल अशी हवी: कोट, मग शाल, मग हातमोजे. शाल मी कोटाच्या आत, पदरावरून घेते. सहावारी नेसते तेव्हा हीटरच्या कोरड्या हवेत नायलॉनचा परकर पायाला चिकटतो, चटके देतो, म्हणून आत कायम सुती.

एक मुलगी भेटली, नाशिककडची, इथे शिकायला आलीय. माझ्या पोलक्याच्या बाह्या हातात धरून बघत होती. म्हणाली, "ताई, आजीचं इरकल आणलंय, पण इथे काढायची हिंमत होत नाही. थंडीने जीव जाईल आणि लुगडंही खराब होईल." मी तिला तिथेच खुर्चीवर बसवून बूट दाखवले, काष्ट्याखालची लेगिंग दाखवली. इरकलच्या टोपपदराचे उभे धागे मागावरच लुगड्याच्या उभ्या धाग्यांना फासे घालून जोडलेले असतात, तो सांधा कोटाच्या पट्ट्याखाली घासू द्यायचा नाही हेही सांगितलं. माझ्याकडे एक तपकिरी कोट पडून आहे, मला खांद्यात तोकडा होतो, तिला बसेल. एका बाहीला कसर लागलेली आहे, दोन भोकं, पण रफू होण्यासारखी.

रविवारी येतेय घेऊन जायला. लुगडं बरोबर आण म्हटलंय, म्हणजे घेर पुरतो का ते नेसूनच बघू. आणि बुटांचा नंबर कळव म्हटलं, तर सात म्हणाली. माझे जुने सातचेच आहेत, तळवे नवे बसवायला हवेत फक्त.