जन्मजात चिमूटभर गोळी

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. आमच्या बडोद्यात सुरसागर तलावाच्या फेरीत, दांडिया बाजारातल्या हळदीकुंकवात, कुठेही गेले तरी हा प्रश्न येतोच : "ताई, बीपीची गोळी जन्मभर घ्यायची म्हणतात. वीस वर्षांनी तिनं भलतंच दुखणं लावलं तर? कोणी बघितलंय का आधी?" मी डॉक्टर नाही, कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. पण प्रश्न माझ्याच विषयातला आहे.

गोळी घेणारे आणि न घेणारे यांची नुसती तुलना केली की फसायला होतं. गोळी मिळते कुणाला? ज्याचं बीपी आधीच चढलंय त्याला. शिवाय कोणती द्यायची तेही माणूस बघून ठरतं. मधुमेह्याच्या लघवीतून प्रथिनं जाऊ लागली की डॉक्टर बहुधा रामिप्रिलच्या जातीची गोळी देतात. पुढे किडनी बिघडली की नाव गोळीचं. चिठ्ठ्या टाकून दोन गट केले तर हा घोळ मिटतो, पण अशा चाचण्या बहुतेक चारपाच वर्षांत आटोपतात. वीस वर्षांचा हिशोब त्यात कुठून येणार?

मग उपयोगी पडल्या निसर्गानंच टाकलेल्या चिठ्ठ्या. आईबापांकडून जनुकाचं कोणतं रूप आपल्याला येईल, हा निव्वळ नशिबाचा भाग. मेंडेलनं १८६६ साली वाटाण्यांवरून वारशाचे नियम छापले, म्हणून या पद्धतीला मेंडेलियन रँडमायझेशन म्हणतात. अ‍ॅम्लोडिपिन ही बीपीची गोळी रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या कॅल्शियमच्या वाटा अडवते. या वाटा घडवणाऱ्या जनुकांत काहींना जन्मतःच बारीकसा फरक असतो, त्यांचं बीपी जरासं खाली राहतं. म्हणजे पाळण्यापासून चिमूटभर अ‍ॅम्लोडिपिन चालू असल्यासारखंच! बीपीच्याच दुसऱ्या गोळ्या, म्हणजे मेटोप्रोलॉलसाठी वेगळं जनुक बघतात, एनालाप्रिलसाठी वेगळं. फरक इतका बारीक की लाखो माणसं तपासावी लागतात. ब्रिटनच्या यूके बायोबँकेत, म्हणजे लोकांच्या जनुकांची आणि आरोग्याची माहिती साठवणाऱ्या संग्रहात, सुमारे ५ लाख माणसं आहेत.

२०१९ साली असाच एक अभ्यास छापून आला. कॅल्शियमच्या वाटांचे ते फरक असलेल्यांत हृदयविकार आणि पक्षाघात कमी निघाले, चाचण्यांशी जुळणारंच. पण मोठ्या आतड्याच्या भिंतीला छोट्या पिशव्या येण्याचा धोका मात्र किंचित जास्त दिसला.

हे ऐकून शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "मग उद्यापासून बंद करू?"

अहो, नाही! जनुक आयुष्यभर मंद आचेवर असतं, तुमची गोळी पंचावन्नाव्या वर्षी सुरू झाली. दोन्हींचा हिशोब एक कसा? शिवाय जनुक सांगतं ते गोळी जिथे लागते त्या जागेबद्दल. गोळी आणखी कुठे हात घालत असेल तर त्याला पत्ता नसतो. आणि माझी खरी तक्रार पुढेच आहे : अभ्यासातली ही माणसं बहुतेक युरोपीय वंशाची. आपल्या बडोद्याच्या रक्तात तेच निघेल, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

वहिनींचं बीपी पूर्वी १६० च्या खाली येत नसे, आता १३० च्या आसपास असतं. पिशव्यांच्या भीतीनं हे घालवायचं? उलट संध्याकाळी त्यांचे घोटे सुजतात. अ‍ॅम्लोडिपिननं ते होतं हे जुनंच ठाऊक आहे, आणि ते बघायला ५ लाख माणसं लागत नाहीत. डॉक्टरांना पाय दाखवा म्हटलं. गेल्या, आणि त्यांनी डोस निम्मा करून जोडीला दुसरी गोळी दिली.