वेताळ टेकडी, गिरिपुष्प वगळून

या मोसमात पहाटेच्या फेरीसाठी स्वतःला एक अट घातली: फ्रेममध्ये गिरिपुष्प येऊ द्यायचं नाही. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर नेहमी जाणाऱ्यांना यातली मेख लगेच कळेल. वनीकरणात लावलेलं हे मूळचं मध्य अमेरिकेतलं झाड इथे इतकं माजलंय की कॅमेरा कुठेही रोखा, मागे तेच. फेब्रुवारी-मार्चमध्ये ते गुलाबी फुलतं आणि सगळ्यांचे मोबाइल तिकडे वळतात. दिसतं छान, नाही म्हणत नाही. पण त्याच्याखाली आपलं गवत, आपली झुडपं फारशी तग धरत नाहीत, आणि मला हवी होती सालई-मोई, गणेर-मेडशिंगी अशा इथल्या मूळच्या झाडांची टेकडी.

रुंद लेन्स पहिल्याच आठवड्यात बॅगेत गेली. ती सगळंच गोळा करते. ७०-३०० मिमीची झूम लेन्स लांब टोकाला, म्हणजे ३००ला, लावली की मागचा अगदी चिंचोळा पट्टा फ्रेममध्ये येतो. पाऊलभर सरकलं तरी पार्श्वभूमी बदलते. उतारावर खालच्या अंगाला उकिडवं बसलं तर नुसतं आकाशच मिळतं.

गणेर असाच टिपला. पान एकही नाही आणि फांद्यांच्या टोकाला तळहाताएवढी पिवळीधमक फुलं. हा पिवळा मोठा लबाड. एकत्रित हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) व्यवस्थित दिसतो, पण लाल रंगाचा चॅनल आधीच उडालेला, म्हणजे जास्त उजेडाने तपशील गमावलेला असतो आणि पाकळ्या सपाट पिवळ्या ठिगळासारख्या येतात. म्हणून तिन्ही रंगांचे हिस्टोग्राम वेगवेगळे लावून एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप खाली, म्हणजे फोटो थोडा गडद, ठेवतो. ढगाळ सकाळ असेल तर सोन्याहून पिवळं.

सालईचं उलट. तिला ऊन हवं, तेही समोरून येणारं. खोडावरचे कागदासारखे सुटलेले पापुद्रे कोवळ्या उन्हात आरपार उजळतात. सूर्य वर आल्यावर पंधरा-वीस मिनिटंच हा खेळ चालतो. मग खोड पुन्हा राखाडी. तेवढ्यात खाणीकडून मोर ओरडला की लक्ष हटतंच. मोर माझा भेदभाव मानत नाहीत म्हणा, गिरिपुष्पाखालीही तितक्याच ऐटीत फिरतात.

मेडशिंगीची वळलेली शेंग मिळाली, फुलं अजून मनासारखी नाहीत. पांढरी, लांब नळीची, आणि पहाटेच ताजी असतात. उजेड कमी आणि वारा हटकून सुटलेला. फूलच हलतं तिथे ट्रायपॉड काय करणार; त्यापेक्षा आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) १६०० वर नेऊन शटर वेगवान ठेवणं परवडलं.

पहिल्या पावसानंतर झाडं सोडून जमिनीकडे वळणार. काळी मुसळीची पिवळी चांदणी मातीला चिकटूनच उमलते, तेव्हा पोटावर झोपायची तयारी हवी; जुनी सतरंजी काढून ठेवलीय. दुर्मीळ कंदीलपुष्प दिसलं तर फोटो नक्की दाखवेन, जागा मात्र विचारू नका. फोटोत जागा नोंदवणारं जीपीएसही आत्ताच बंद केलंय.