रावेर ते धडगाव, मग साक्री : खान्देशातली शेती बघत

खान्देश भाद्रपदात बघावा. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याने रावेर, सावदा, फैजपूर, यावल करत निघालो तर उजव्या हाताला हिरवागार सातपुडा आणि दोन्ही बाजूंना नुसती केळीच केळी. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं त्याचा अभिमान आहेच, पण एवढ्या मोठ्या पट्ट्यात बहुतेक ग्रँड नैन ही एकच जात लावलेली बघून काळजी वाटते, कारण केळीवर सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक) व्हायरस आला की औषध नाही, झाड उपटून टाकायचं एवढंच हातात, आणि मावा कीड तो पुढच्या शेतात नेतेच.

फैजपूरच्या पुढे चहाला थांबलो तिथे एका आबांशी गप्पा झाल्या आणि ते थेट शेतातच घेऊन गेले. केळी निघाली की ते ताग पेरतात आणि फुलावर आला की गाडून टाकतात. बेवड चांगला होतो म्हणे, म्हणजे पुढच्या पिकाला जमीन चांगली तयार होते. खुरप्याने जरा माती उकरून दाखवली, काळी, भुसभुशीत, दोन-तीन गांडुळं वळवळत होती. म्हणाले, "बोअर खोल खोल चाललंय भाऊ, निदान जमिनीनं तरी पाणी धरायला पाह्यजे." खतांचं बिल पण कमी झालंय त्यांचं, पण शेजारचे अजून बघूनच राहिलेत.

चोपडा, शिरपूर गाडीतूनच पाहिलं. शहाद्याहून धडगावची एसटी पकडली, म्हसावद सोडलं की घाट लागतो आणि शेतीच बदलते. उतारावरचं एकच शेत, त्यात ज्वारी, मका, तूर, उडीद, बांधाला अंबाडी आणि कडेला भगर. वरवर बघणाऱ्याला गोंधळ वाटेल पण बारकाईनं बघा, तुरीचं मूळ खोल जातं, ज्वारीचं त्यामानाने वरच राहतं, उडदाच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, ज्वारीच्या कणसावर पाखरं बसतात आणि आजूबाजूच्या अळ्या टिपतात. पाऊस दगा देऊन एक पीक गेलं तरी दुसरं घरात येतं.

एका पावरा आदिवासी घरात जेवलो, ज्वारीची भाकर आणि उडदाची डाळ. आढ्याला पुढच्या वर्षीच्या बियाण्याची मक्याची कणसं धुरात टांगलेली. घरातल्या बाईंनी राखेत घोळलेलं बी हातावर घेऊन दाखवलं, कुठलं लवकर येतं, कुठलं कमी पावसात तग धरतं हे त्यांना तोंडपाठ. या भागात बायफ संस्थेने गावकऱ्यांना घेऊन बियाणं बँका उभ्या केल्यात, म्हणजे जे घराघरात होतं तेच गावाच्या पातळीवर. अ‍ॅग्रोइकॉलॉजीवर (निसर्गाला धरून केलेल्या शेतीच्या शास्त्रावर) संयुक्त राष्ट्रांच्या एफएओने (अन्न व कृषी संघटनेने) २०१४ मध्ये रोमला मोठी परिषद भरवली, नंतर अशा शेतीची दहा तत्त्वं काढली, त्यात पिकांची विविधता आहे आणि लोकांचं ज्ञान पण आहे. ते ज्ञान या बाईंकडे आहे, कृषी विभागाने खरंच त्यांना शहाद्यात बोलवून शिकवायला बसवायला पाहिजे.

राग येतो तो भावाचा. ज्वारीला निदान हमीभाव जाहीर होतो, भगरीला तोही नाही. उपासाला भगर सगळ्या महाराष्ट्रात खपते आणि पिकवणारा मात्र व्यापारी देईल तेवढ्यावर. नंदुरबार जिल्ह्यातल्या आश्रमशाळांनी ज्वारी, भगर, उडीद इथूनच घेतलं तरी किती फरक पडेल!

येताना नंदुरबारहून साक्रीकडे उतरलो, पांझरा नदीवरची फड पद्धत, म्हणजे गावाने मिळून पाणी वाटायची जुनी रीत, बघायचीच होती. नदीवर बुटका बंधारा, त्यातून कालवा, आणि जमिनीचे फड, म्हणजे मोठे भाग, पाडलेले, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, दरसाल बदलायचं. शेकडो वर्षं गावानंच चालवलेली पद्धत. पाणी सोडणारा पाटकरी, राखणीला जागल्या, सगळं गावाचं. बहुतेकांची जमीन वेगवेगळ्या फडात थोडी थोडी असते, त्यामुळे पाणी कमी असलं की एक फड कोरडा ठेवतात आणि तोटा सगळ्यांच्याच वाट्याला येतो. तिथले एक म्हातारे बाबा म्हणाले, "पानी समदास्नं शे भाऊ, कोना एकलानं नही."

विहिरी आणि बोअर वाढल्यापासून कितीतरी ठिकाणी ही पद्धत मोडली, इथे अजून टिकलीय. उन्हाळ्यात किती फड भिजवायचे हे गाव मिळून ठरवतं, ती बैठक बघायला मी माघात परत जाणार आहे, कुणाला यायचं असेल तर कळवा.